वरच्या खणातली बाटली

“सुरुवातीला दुखतं आणि मग पळता पळता कमी होतं. असंच ना?”

पुडीकाकांनी हा प्रश्न अशा सुरात विचारला, की समोरच्याने ‘हो’ म्हणून मोकळं व्हावं. समोर त्यांचीच मुलगी होती. होमिओपॅथीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून तिने विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर सारला होता आणि स्वतःच्या नडगीकडे ती असं बघत होती, की जणू ती शेजारणीची नडगी आहे.

“हो,” ती म्हणाली. “पळता पळता कमी होतं.”

“बसून उठलीस की?”

“पहिली चार पावलं जड जातात. मग मोकळं होतं.”

“शेकल्यावर?”

“बरं वाटतं.”

“बघ! मी तुझ्या आईला हेच सांगत होतो.” पुडीकाकांचा चेहरा खुलला. “स्नायूचं दुखणं आहे. ऱ्हस टॉक्स. दुसरं काही असूच शकत नाही.”

भिंतीतल्या लाकडी कपाटात बुचाच्या बाटल्यांच्या रांगा होत्या. त्यांनी न बघता हात घातला आणि हवी ती बाटली काढली. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांवर चार थेंब टाकले, बाटली तळहातावर आपटून हलवली आणि तिच्या हातात दिली. डॉक्टर दुपारी जेवायला आणि डुलकी काढायला घरी जात. तेवढा वेळ दवाखान्यात पुडीकाकांचं राज्य असे. एरवी ते गोळ्या भरणारे, पुड्या बांधणारे आणि पेशंटला ‘चहा-कॉफी बंद’ असं बजावणारे मदतनीस होते. मिसरूड फुटायच्या वयात तात्पुरते म्हणून लागले होते. आता मिशी पांढरी झाली, तरी तात्पुरतेच होते. डॉक्टर त्यांना ‘आपला माणूस’ म्हणत. आपल्या माणसाला कायम कशाला करायचं?

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागली तीच पळायला लागली, म्हणून आजीने ठेवलेलं ते नाव. शाळेच्या पटावरचं नाव शाळेतच राहिलं. ती याच दवाखान्यातल्या बाकाखाली खेळत मोठी झाली होती. कुठल्या उत्तराला कुठली बाटली निघते, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. ‘हललं की वाढतं आणि पडून राहिलं की बरं वाटतं’, असं ती म्हणाली असती, तर ब्रायोनिया निघाली असती आणि तिच्या जोडीला सक्तीची विश्रांती. विश्रांती तिला नको होती. म्हणून तिने दुसऱ्या बाटलीची उत्तरं दिली.

हे पुडीकाकांच्या लक्षात आलं नाही, असं म्हणणं म्हणजे त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा अपमान आहे. पेशंट खोटं बोलायला लागला की त्याचे पाय हलतात, हे ते नव्या पेशंटलाही सांगत. भिंगरीचा उजवा पाय बाकाखाली सारखा हलत होता. डावा मात्र हलत नव्हता. पुडीकाकांनी खिडकीबाहेर बघून घेतलं.

महिनाभरावर अग्निशमन दलाची भरती होती. मैदानावर चार फेऱ्या ठरलेल्या वेळात पळायच्या, मग शिडी चढायची, मग पाण्याचा जाड पाइप खांद्यावर टाकून न्यायचा. भिंगरीचे दोन प्रयत्न झाले होते. पहिल्यांदा ती शिडीवरून घसरली. दुसऱ्यांदा पळण्यातच अगदी थोडक्यात राहिली. पुढचीच्या पाठीला हात लागेल इतकी जवळ होती आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. हा तिसरा प्रयत्न शेवटचाच होता, कारण पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटून जाणार होतं. वयाला काही गोळी नसते.

*

आठवडा गेला आणि भिंगरी जिना आडवी उतरू लागली.

तिची आई घरीच इस्त्रीचं काम करी. दारालगत टेबल, टेबलावर घोंगडी, घोंगडीवर दुसऱ्यांचे शर्ट. दिवसभर उभी असल्याने जिन्यावरून कोण कसं उतरतं, ते तिला न बघता कळे. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, पोरगी खेकड्यासारखी उतरतेय. तुमचं लक्ष आहे का?”

पुडीकाका बाहेर आले. “भिंगरी, वाढलं का गं दुखणं?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे?”

भिंगरीने कठड्यावरचा हात काढला नाही. “बरंच वाढलंय, बाबा.”

यावर कुणाही बापाचं तोंड उतरलं असतं. पुडीकाकांचं उजळलं.

“म्हणजे लागू पडलं!”

त्याचं असं होतं. डॉक्टरांचं म्हणणं, खरं औषध आधी दुखणं ढवळून काढतं. गाळ वर येतो, मग पाणी नितळतं. तेव्हा औषधाने दुखणं वाढलं, तर घाबरायचं नाही, खूश व्हायचं. डॉक्टर हे वाक्य विचार करून, माणूस बघून, कधीमधी बोलत. पुडीकाका ते उठसूट बोलत. दारात रडवेला चेहरा घेऊन आलेल्या किती जणांना त्यांनी या एका वाक्यावर परत पाठवलं असेल! त्यातले बरेच जण बरे झाले. जे पुन्हा आले नाहीत तेही बरेच झाले असणार, असं ते धरून चालत.

“कमी झालं तरी औषधाचं कौतुक, वाढलं तरी औषधाचं कौतुक,” आई म्हणाली. “माणूस मेला तर काय म्हणाल? मुळापासून बरा झाला?”

भिंगरी खळखळून हसली. पुडीकाकाही हसले. हसता हसता तिचा डावा पाय खालच्या पायरीवर टेकला आणि तिचं हसू तिथल्या तिथे मिटलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “ढवळतंय.”

आई पुन्हा इस्त्रीकडे वळली. एकाच बाहीवरून तिने चार वेळा इस्त्री फिरवली.

*

दुखणं ढवळून झालं, पण पाणी काही नितळेना. तेव्हा पुडीकाकांनी डॉक्टरांना विचारलं. सरळ नाही, आडवळणाने.

“आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. पळते. तिची नडगी दुखते म्हणे.”

डॉक्टर चष्मा पुसत होते. म्हातारपणी त्यांचे हात कापत, पण कान तिखट होते. “एका बोटाने दाखवते का तळव्याने?”

“काय?” पुडीकाकांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

“कुठे दुखतं विचारलं की तळवा फिरवून ‘इथं सगळं’ म्हणते, की बोट ठेवून ‘इथं’ म्हणते? तळवा असेल तर स्नायू, पडदा, असं काहीतरी. चार दिवस आराम करील, ठीक होईल. बोट असेल तर हाड. चीर गेलेली असते. पळून पळून जाते.”

“मग त्याला आपल्याकडे…”

“आपल्याकडे काही नाही. फोटो काढायला सांग, हाडवाल्याकडे पाठव. आणि पळणं बंद. दोन-तीन महिने पाऊलसुद्धा जपून.”

“तिची भरती आहे हो. एकदाच पळायचंय.”

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि आपल्या माणसाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “तडा गेलेल्या पेल्यातून गार पाणी पिता येतं एखादे वेळी. कढत चहा ओतून बघणार का तू? गल्लीतली म्हणालास ना?”

“हो. गल्लीतलीच.”

“तिच्या बापाला सांग. किंवा घेऊन ये इथं, मीच सांगतो.”

पुडीकाका बरं म्हणाले. घरी जाताना त्यांनी मनाशी पक्कं केलं, की आता हा नाद पुरे. पोर जन्माची लंगडी झाली, तर नोकरी घेऊन काय चाटायची आहे? घरी पोचेपर्यंत त्यांनी वाक्यही जुळवून ठेवलं होतं. भिंगरी सतरंजीवर पाय पसरून बसली होती. ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

“दाखव बरं नीट. कुठं दुखतं?”

तिचं बोट पुढे आलं. नडगीच्या खालच्या बाजूला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर, नेमकं एका जागी टेकायला निघालं. पण टेकलं नाही. मध्येच थांबलं, आणि बाकीची बोटं त्याच्या मदतीला धावून आली. भिंगरीने उघडा तळवा सगळ्या नडगीवरून फिरवला.

“इथं सगळं,” ती म्हणाली.

डॉक्टर हा प्रश्न बाकावर बसलेल्या प्रत्येकाला विचारत असत. बाकाखालीही तो ऐकू येत असे.

पुडीकाकांनी बोट पाहिलं होतं. तळवाही पाहिला होता. त्यातलं कोणतं खरं मानायचं, ते त्यांच्या हातात होतं.

“इथं सगळं ना? मग स्नायूच,” ते म्हणाले आणि उठले. जुळवून ठेवलेलं वाक्य तोंडातल्या तोंडात विरघळलं.

*

भरतीला थोडे दिवस उरले असताना ते एका सकाळी मैदानावर गेले. का गेले, ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नसावं.

मुलंमुली पळत होती. त्यांत भिंगरी नव्हती. मैदानाच्या कडेला पाण्याच्या नळांची ओळ होती आणि त्यामागे झाडू, खुंट्या, दोर ठेवायची खोली. पुडीकाका त्या खोलीला वळसा घालून गेले आणि जागीच थबकले. शेवटच्या नळाखाली ओट्यावर भिंगरी बसली होती. पाय धारेखाली धरला होता. टॉवेलचं टोक दातांत होतं. तिला कुणी बघत नव्हतं, म्हणून ती तिच्या खऱ्या चेहऱ्याने बसली होती. असा चेहरा पुडीकाकांनी तिच्या जन्मात पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि एक बोट, एकच, नडगीवर टेकलेलं होतं.

दोन ढांगांचं अंतर. जाऊन पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, चल घरी. एवढंच करायचं होतं. पण त्यांनी ते केलं नाही. मांजराच्या पावलांनी ते मागे फिरले आणि मैदानाच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. तिथे त्यांना भडभडून आलं. एका दुधवाल्याने सायकल थांबवून ‘काका, बरं नाही का?’ असं विचारलं. डोळ्यांत काहीतरी गेलं, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

दुपारी भिंगरी दवाखान्यात आली. डॉक्टर जेवायला गेले होते. पुडीकाकांनी या वेळी काहीही विचारलं नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कपाटाचा वरचा खण उघडला.

त्या खणाला रोज हात लागत नसे. तिथल्या बाटल्या क्वचित लागणाऱ्या दुखण्यांच्या. त्यांत सिंफायटम होतं, मोडलेल्या हाडाचं. डॉक्टर तेही लगेच देत नसत. हाडवाल्याने हाड बसवावं, प्लास्टर घालावं, मग पेशंटने फारच आग्रह धरला तर द्यायचं. प्लास्टरशिवाय ती बाटली या दवाखान्यात कधी खाली आली नव्हती.

“स्टूल कशाला?” भिंगरीने विचारलं.

“तुझी बाटली वर ठेवली होती. धूळ बसते.”

बाप गोळ्यांवर थेंब टाकत असताना ती उघड्या खणाकडे बघत राहिली. गोळ्या तिने जिभेखाली ठेवल्या.

“गोड आहेत,” ती जरा वेळाने म्हणाली.

“सगळ्याच गोड असतात गं.”

बापाला सगळं ठाऊक आहे, हे आता लेकीला ठाऊक झालं. आणि लेकीला ठाऊक झालं, हे बापाने ओळखलं. दोघांनीही एकमेकांकडे न बघता दुसऱ्या दिवशीच्या तालमीची वेळ ठरवली.

*

भरतीच्या आदल्या संध्याकाळी आईने इस्त्री बंद केली. टेबलावर कपडे उरले असताना तिने इस्त्री बंद केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“तुम्ही सांगा तिला,” ती म्हणाली. “माझं ऐकत नाही ती. मी म्हणजे नन्नाचा पाढा. तुमचं ऐकेल.”

“काय सांगू?”

“काय सांगू म्हणजे? माझ्यासमोर तरी येड पांघरू नका. ती पोरगी रात्री उशी चावून झोपते. भिंतीपलीकडे मला ऐकू येतं, तुम्हाला येत नाही?”

पुडीकाका मागच्या गॅलरीत गेले. भिंगरी बुटांच्या नाड्या ओवत होती.

“भिंगरी…”

“बोलू नका बाबा.”

“ऐक तरी.”

“मला माहितीये तुम्ही काय बोलणार. स्टूलवर चढलात तेव्हाच कळलं. मला माहितीये, तुम्हाला माहितीये. मग बोलून काय करायचं?”

“दुसरं काहीतरी बघू गं. जग काय त्या एका मैदानावर संपत नाही.”

“काय बघू? आईच्या टेबलाला दुसरी बाजू आहे, तिथं उभी राहू? का तुमच्यासारखी तात्पुरती लागू कुठंतरी?” हे बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. “तसं नाही म्हणायचं मला.”

“म्हण. खरं आहे ते.”

“बाबा, एकदाच पळू द्या. चार फेऱ्या. मग पाय राहिला काय, गेला काय.”

“असं अभद्र बोलू नये.”

“मग कसं बोलू? शेकल्यावर बरं वाटतं, असं बोलू?”

पुडीकाकांना नाही म्हणणं सोपं होतं. ‘थांब’ हा तर दोनच अक्षरांचा शब्द. तो त्यांच्या तोंडातून निघेना, याचं कारण लेकीवरची माया हे नव्हतं. खरं कारण त्यांना त्या गॅलरीत उभं राहून लख्ख दिसलं आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली. ती पळायला हवी होती, ती त्यांनाच. अंगावर गणवेश घातलेली लेक भर बाजारातून शेजारी चालते आहे, ओळखीचे लोक थांबून विचारताहेत, ‘ही तुमची का?’, हे चित्र ते गेली काही वर्षं रोज पुड्या बांधताना बघत होते. लेकीचा पाय दुखत होता आणि बापाला स्वप्न सोडवत नव्हतं. दोघांनी मिळून एका हाडावर सगळा संसार उभा केला होता.

“लवकर झोप,” ते म्हणाले. “सकाळी निघायचंय.”

ते आत आल्यावर बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तिने पुन्हा इस्त्री चालू केली आणि भिंगरीचा पळायचा शर्ट काढून घोंगडीवर पसरला.

*

मैदानावर उमेदवारासोबत एकालाच आत सोडत होते. आई फाटकाशी थांबली. पुडीकाका दोरीमागे नातेवाइकांच्या गर्दीत उभे राहिले. लाऊडस्पीकरवरून एक अधिकारी नियम सांगत होता. पळताना बाहेरच्या कुणीही उमेदवाराला हात लावला, आधार दिला, पाणी दिलं, तर उमेदवार बाद. कुणाला पुढे जाणं जमत नसेल, तर तिने हात वर करावा, स्ट्रेचर येईल. हात वर केला की उमेदवार बाद. घोषणा दोनदा झाली.

शिट्टी वाजली आणि मुली सुटल्या.

पहिली फेरी भिंगरी मधल्या घोळक्यात होती. दुसऱ्या फेरीत ती बाहेरच्या बाजूने एकेकीला मागे टाकू लागली. पाय कुठे टेकतोय आणि कुठे नाही, ते कळू नये इतकी हलकी. पुडीकाकांच्या शेजारी एक बाई होत्या. “ती कोण हो, दृष्ट काढायला हवी तिची!” त्या म्हणाल्या. “माझी आहे,” पुडीकाका म्हणाले आणि त्यांचा ऊर असा भरून आला, की क्षणभर त्यांना खरोखरच वाटलं, बोट खोटं होतं, तळवाच खरा होता, औषध लागू पडलं. माणूस किती वेडा असू शकतो याला काही सुमार नाही.

तिसऱ्या फेरीत दोरीजवळच्या वळणावर ती पडली.

कुणी धक्का दिला नाही, पाय अडखळला नाही. डावा पाय टेकला आणि त्याने तिला धरलंच नाही. ती तोंडावर पडली. मागच्या मुली तिला चुकवून दोन्ही बाजूंनी निघून गेल्या आणि धूळ खाली बसली, तेव्हा ती हातांवर उठत होती. उजव्या पायावर उभी राहिली. डावा टेकवला. पुन्हा पडली. या वेळी तो पाय मध्येच, जिथे वाकायला सांधा नसतो तिथे, जरासा वाकडा दिसला.

दोरीच्या आत दोन स्ट्रेचरवाले उभे होते. ते उभेच राहिले.

“अहो, जा ना!” पुडीकाका ओरडले. “बघताय काय?”

“हात वर करू द्या तिला,” त्यांतला एक म्हणाला. तोही कासावीस झाला होता. “तिनं हात वर केल्याशिवाय आम्हाला जाता येत नाही, काका. नाहीतर उद्या तीच म्हणेल, मी उठणार होते.”

भिंगरीचे दोन्ही हात जमिनीवर होते. ते वर जाणार नव्हते. ती मुलगी त्यांच्याच हाताखाली वाढली होती, हे त्यांना पुरतं माहीत होतं. वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत ती त्या पायावर उठत राहील आणि पडत राहील.

पुडीकाका दोरीखालून आत शिरले.

“काका, मागे व्हा! हात लावलात तर ती बाद होईल!” लाऊडस्पीकरमधून आवाज आला.

भिंगरीने मान वर केली. हनुवटी खरचटली होती, ओठांना माती होती. बापाला येताना पाहून तिचे डोळे विस्फारले.

“हात लावू नका! बाबा, हात लावू नका मला!”

ते तिच्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांची सावली तिच्यावर पडली.

“वळण संपलं की सरळच आहे,” ती घाईघाईने सांगू लागली. “मी जाते. लंगडत जाते. वेळ आहे अजून. बाबा, तुम्हाला माझी शपथ आहे, फक्त मागे व्हा.” तिने डावा गुडघा पोटाशी ओढला आणि तो पाय पुन्हा टेकवायला निघाली.

तोंडातून शब्द तेव्हाही निघाला नाही. पुडीकाका खाली बसले, दोन्ही हातांनी त्यांनी तो पाय गुडघ्याखाली आणि घोट्यापाशी धरला, सरळ केला आणि सोडला नाही.

शिट्टी वाजली. एकच, लांब. बाद झाल्याची.

भिंगरी क्षणभर त्या शिट्टीकडे कान देऊन राहिली. मग ती बापावर तुटून पडली. छातीवर, खांद्यावर, तोंडावर, जिथे लागेल तिथे तिने बुक्के मारले. “का लावलात! का लावलात हात!” ती किंचाळत होती. “इतके दिवस नाही लावलात, आता का लावलात!” पुडीकाकांचा चष्मा उडाला. पायावरचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तोंडसुद्धा वाचवलं नाही. ती म्हणत होती ते अक्षर अन् अक्षर खरं होतं, त्यामुळे तोंड वाचवण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतंही. “मार,” ते म्हणत राहिले. “मार, बाळा. पाय फक्त हलवू नकोस.”

स्ट्रेचरवाले आता धावत आले. त्यांनी फळी बांधून पाय आवळला आणि तिला उचललं. तोवर तिचे बुक्के थांबले होते. मुठीत बापाच्या शर्टाची बाही तेवढी राहिली होती.

फाटकाकडे जाताना पुढच्या तुकडीच्या मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली. एकीने धुळीतला चष्मा उचलून आणला होता, तो तिने पुडीकाकांच्या खिशात ठेवला. मागे मैदानावर चौथी फेरी सुरू झाली होती आणि लोक आपापल्या मुलींच्या नावाने ओरडत होते.

“बाबा,” भिंगरीने डोळे मिटूनच हाक मारली.

“काय गं?”

“दुखतंय.”

“हो,” पुडीकाका म्हणाले. “दुखतंय.”

फाटकाशी आई उभी होती. तिने नवऱ्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग फळी बांधलेल्या पायाकडे. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडेपर्यंत तिने वाकून लेकीच्या शर्टावरचा नंबर सोडवायला घेतला. एकेक टाचणी काढून ती आपल्या ओठांत धरत गेली. कागद निघाल्यावर टाचण्यांनी कापड जिथे जिथे चुणलं होतं, तिथून तिने हात फिरवला आणि शर्ट सारखा केला.